आयडल चढतं, गरम झालं की बंद: ३.५ सीसी नायट्रो इंजिनाच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी: रिमोटवर चालणारा १/८ मापाचा मॉन्स्टर ट्रक. इंजिन ०.२१ वर्गातलं, ३.५ सीसी, दोरीचा पुल स्टार्ट, स्लाइड कार्ब (हवा आणि इंधन मिसळणारा कार्ब्युरेटर). टाकी १५० मिली. इंधन २० टक्के नायट्रोचं, म्हणजे मिथेनॉल आणि तेलात २० टक्के नायट्रोमिथेन. शेवटच्या वेळी चालवल्यावर इंजिनात तेल न सोडताच गाडी ठेवली गेली आणि साधारण दीड वर्ष तशीच पडून होती.

तक्रारी तीन. सुरू व्हायला पंधरा-वीस वेळा दोरी ओढावी लागते. थ्रॉटल सोडल्यावर आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो मंद वेग) खाली यायला पाच-सहा सेकंद लागतात. आणि इंजिन गरम होऊन बंद पडलं की पूर्ण थंड होईपर्यंत सुरू होत नाही.

४ ऑक्टोबर

पहिल्याच दिवशी चूक झाली. आयडल चढतंय म्हणजे मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी पडतंय, असं धरून थेट लो स्पीड नीडल (आयडलजवळचं इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) उघडली. थंड इंजिनावर फरक पडल्यासारखा वाटला. पाच मिनिटांनी इंजिन भरून यायला लागलं: आयडलवर दहा सेकंद ठेवलं की आवाज जड, थ्रॉटल दिला की धूर आणि बंद. मग नीडल परत आत. मग हाय स्पीड नीडल (पूर्ण थ्रॉटलचं इंधन ठरवणारी) थोडी बाहेर. असं दोन तास चाललं, दीड टाकी इंधन जळलं आणि दोन्ही नीडल मूळ कुठे होत्या हेच कळेनासं झालं.

करायला हवं होतं ते असं: नीडल अलगद आत फिरवायची, टेकली की थांबायचं आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवायचं. टेकल्यावर जोर लावायचा नाही. टोकाला कडं उमटलं की ती नीडल पुन्हा कधीच नीट ट्यून होत नाही. सुदैवाने दोन्ही नीडल बाहेर काढून भिंगाखाली पाहिल्या तर टोकं साफ होती. ओ-रिंगला मिथेनॉल चालेल असं तेल लावून परत बसवल्या. तात्पुरती जागा: हाय नीडल बंदपासून पावणेचार फेरे, लो नीडल कार्बच्या कडेशी समतल. हे आकडे या कार्बचे आहेत. दुसऱ्या कार्बला त्याच्या माहितीपत्रकातले घ्यावेत.

पुढचं सगळं होईपर्यंत नीडलला हात लावायचा नाही असं ठरलं. हवा कुठून तरी चोरून आत येत असेल तर नीडल उघडून फक्त लक्षण झाकलं जातं, आणि तेही एकाच तापमानाला.

५ ऑक्टोबर, सकाळ

इंधनाची बाटली एक तृतीयांश भरलेली होती, म्हणजे वरचं सगळं हवेनं भरलेलं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. असं इंधन डोळ्यांना ठीक दिसतं, पण इंजिन कधी एक ट्यून धरत नाही. बाटली बाजूला, टाकी रिकामी, नवीन सीलबंद इंधन.

ग्लो प्लग (तापलेल्या तारेनं इंधन पेटवणारा प्लग) काढला. तार पांढरट राखाडी, चमक गेलेली, एका बाजूला थोडी वाकलेली. लीन आणि गरम चालल्याची खूण. पण नवीन प्लग लावून बाहेर तपासला तर तोही मंद लाल. म्हणजे दोष सुरू करताना प्लग तापवणाऱ्या इग्नायटरकडेही होता. मीटरवर त्याचा सेल मोकळा असताना १.३ व्होल्ट दाखवत होता, प्लग जोडल्यावर ०.९. प्लगला दोन-तीन अँपिअर तरी लागतात. त्यामुळे सेल नेहमी प्लग जोडूनच मोजावा, मोकळ्या सेलच्या आकड्याला अर्थ नाही. सेल बदलला. आता तारेची सगळी वेटोळी ठळक नारिंगी. फक्त वरचं एक वेटोळं लाल होत असेल तर इंधनाचा पहिला थेंब पडताच ते विझतं.

फळ: तीन ओढींत सुरू. पहिली तक्रार संपली. बाकीच्या दोन जशाच्या तशा.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

टाकी. या गाड्यांत इंधन पंपानं येत नाही. एक्झॉस्टच्या पाइपमधून निघालेली बारीक नळी टाकीत दाब भरते आणि तो दाब इंधन ढकलतो. दाब गळला की टाकी अर्ध्याखाली गेल्यावर इंजिन लीन होत जातं.

टाकी काढली, दोन नळ्यांपैकी एक बंद केली, दुसरीतून तोंडानं हलका दाब देऊन पाण्यात बुडवली. (तोंड लावण्याआधी नळी धुवून घ्यावी, इंधन विषारी आहे.) झाकणापाशी बुडबुड्यांची रांग. झाकणाची ओ-रिंग चपटी होऊन कडक झालेली, बदलली. दाबाची नळी एक्झॉस्टला टेकून एका जागी वितळली होती, तिथे टाचणीएवढं भोक. तो भाग कापला, नळी लांबून वळवून घेतली. इंधनाच्या नळीतला फिल्टर उघडला तर जाळीवर करड्या धुळीचा थर. अर्ध्या तासाचं काम, आणि खरं तर पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं.

फळ: टाकी संपत आली तरी वेग टिकतो. आयडल अजूनही लोंबकळतं.

८ ऑक्टोबर

प्रायमर (सुरू करण्याआधी इंधन कार्बपर्यंत ढकलायचं बटण) चार-पाच वेळा दाबला आणि इंजिन भरलं. पिस्टनच्या वर द्रव साचला की तो दाबला जात नाही, दोरी अर्ध्यावर अडकते. तिथे जोर काढला तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा दोरी तुटते. इथे दोरी तुटली. स्वस्तात सुटलो.

प्लग काढायचा, भोकावर फडकं धरायचं, गाडी उलटी करून दहा वेळा फिरवायचं. इंधन नळीतून कार्बपर्यंत पोहोचलेलं दिसलं की प्रायमर थांबवायचा, हा साधा नियम.

दोरी बदलताना वन-वे बेअरिंगही (एकाच दिशेनं क्रँक फिरवणारं) पाहिलं. आधीच्या कुणीतरी त्यात ग्रीस भरलं होतं. ग्रीसमुळे त्याचे रोलर घसरतात आणि दोरी ओढूनही क्रँक फिरत नाही. स्पिरिटनं धुतलं, पातळ तेलाचा एक थेंब, बस.

११ ऑक्टोबर

आज हवेची गळती. आयडल लोंबकळण्यामागे बहुधा हीच असते. इंजिन गाडीतून काढलं, बाहेरून ब्रश आणि स्पिरिटनं स्वच्छ केलं.

पद्धत: एक्झॉस्टच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा आणि पट्टी. कार्बच्या तोंडात रबरी बूच. प्लग जागेवर घट्ट. इंधनाच्या निपलला हातभर नवी नळी, हाय नीडल चांगली उघडी. मग इंजिन कोमट पाण्यात बुडवून नळीतून फुंकायचं.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही आणि इंजिन घट्ट आहे असा निष्कर्ष जवळपास निघालाच होता. पिस्टन अगदी तळाला ठेवला होता. तिथे क्रँकमधली हवेची खिडकी बंद असते, फुंकलेली हवा कार्बच्या पुढे जातच नाही. फ्लायव्हील थोडं फिरवून पिस्टन तळापासून जरासा वर आणला आणि फुंकताना हवा आत शिरते आहे असं जाणवलं तिथे थांबलो. लगेच बुडबुडे.

तीन जागा सापडल्या:

– कार्बची मान क्रँककेसमध्ये बसते ती जागा. सलग धार. ओ-रिंगला उभी चीर.
– बॅकप्लेटची (क्रँककेसच्या मागच्या झाकणाची) खालची कड. बारीक पण सतत बुडबुडे.
– पुढचं बेअरिंग. दोन-तीन सेकंदांनी एखादा बुडबुडा. इतकं चालतं, पुढचं बेअरिंग पूर्ण हवाबंद नसतंच. धार असती तर बदलावं लागलं असतं.

हेडखालून (सिलिंडरच्या झाकणाखालून) काही नाही.

१२ ऑक्टोबर

कार्बच्या मानेला नवीन ओ-रिंग, तिच्या वर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन सीलंटचं दोऱ्याएवढं कडं. कार्ब खाली दाबून धरूनच पिंच बोल्ट आवळायचा, नाहीतर बोल्ट आवळताना कार्ब केसभर वर उचललं जातं आणि गळती तिथेच राहते. सीलंट जास्त झालं तर आतल्या बाजूला फुगवटा येतो, तो तुटून क्रँकमध्ये जाऊ शकतो. बॅकप्लेट उघडली, जुनं गॅस्केट खरवडलं, नवं घातलं, चार स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं आवळले.

बॅकप्लेट उघडली तेव्हा आतलं तेल तपकिरी दिसलं. जुनं तेल असेल म्हणून पुसून टाकलं. ही या कामातली सर्वांत महाग चूक, पुढे कळेलच.

सीलंटला चोवीस तास.

१३ ऑक्टोबर

आयडल लोंबकळणं सहा सेकंदांवरून दोनवर. चांगलं, पण पुरेसं नाही. शिवाय नवं लक्षण: आयडल स्थिर राहत नाही, आपोआप वर-खाली होतं. दोन वेगवान फेऱ्यांनंतर प्लगपाशी तापमान १४५ अंश सेल्सिअस. हे फार आहे. धुराची रेघ दिसत असूनही इतकं तापतं म्हणजे आत घर्षण आहे किंवा हवा अजून शिरते आहे. बंद केलं तर गरम असताना फ्लायव्हील बोटानं फिरत होतं, दाब जवळजवळ नाहीच.

इथे जरा खुलासा. या इंजिनात पिस्टन रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ते नळकांडं), आणि स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन वर अडकल्यासारखा होतो, ती पकड. कामाच्या तापमानाला स्लीव्ह फुगून ही पकड सुटते. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की स्लीव्ह जास्तच फुगते, दाब जातो आणि गरम इंजिन सुरू होत नाही. तिसरी तक्रार बहुधा एवढीच आहे. थंड झाल्यावर पकड तपासली: आहे, नव्यासारखी नाही, पण आहे.

फ्लायव्हील धरून वर-खाली हलवलं. टकटक जाणवली. क्रँकला खेळ आहे. आणि आठवलं ते तपकिरी तेल.

१५ ऑक्टोबर

इंजिन पूर्ण उघडलं.

स्लीव्ह जाम होती. तिला पकडीनं ओढायचं नाही. पिस्टन खाली ठेवून एक्झॉस्टच्या खिडकीतून नायलॉनच्या केबल टायचं टोक आत घातलं आणि फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवलं. पिस्टन वर येताना टायसकट स्लीव्ह वर ढकलतो. आधी हेड हेअर ड्रायरनं तापवलं होतं. हे फ्लायव्हील काढण्याआधीच करावं, नंतर फिरवायला काही उरत नाही. फ्लायव्हील पुलरनं (ओढून काढायच्या अवजारानं) काढलं. खिडकीत स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन अडवायचा मोह होतो, त्यात स्लीव्ह आणि पिस्टन दोन्ही जातात.

हेडखालच्या शिम (पातळ चकत्या) मोजून लिहिल्या: ०.१ आणि ०.२ मिमी, एकेक. त्या हेडच्या तळाला चिकटून येतात आणि पुसताना हरवतात. कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन कोणत्या बाजूला तोंड करून होते त्याचे फोटो.

मागचं बेअरिंग गेलेलं. गोळ्यांवर गंजाचे ठिपके, फिरवलं की वाळूसारखं करकरतं. तपकिरी तेल म्हणजे हा गंज. १२ तारखेला बॅकप्लेट उघडी असताना बोटानं क्रँक फिरवून पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. एक गॅस्केट, सीलंट आणि चोवीस तासांचं वाळवणं वाया.

स्लीव्हवर उभ्या बारीक रेघा आहेत, नखाला लागत नाहीत. क्रोम कुठे उडालेलं नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बुशला खेळ नाही.

१८ ऑक्टोबर

बेअरिंग बदलली. मागचं १४ × २५.४ × ६ मिमी, पुढचं ७ × १९ × ६. मागच्या बेअरिंगचं २५.४ हे माप नीट पाहून घ्यावं. २५ मिमीचं आणलं तर ते केसमध्ये सैल बसतं.

क्रँककेस आधी स्पिरिटनं पूर्ण धुतली आणि वाळवली. इंधन उरलेली केस भट्टीत गेली तर मिथेनॉल पेटतं आणि त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही. स्वयंपाकाची भट्टी यासाठी वापरू नये. १५० अंशांवर पंधरा मिनिटं, जाड हातमोजे, मग मागचं तोंड खाली करून लाकडावर एक टोला. मागचं बेअरिंग आपणहून पडलं. पुढचं आतून लाकडी दांड्यानं ठोकून काढलं.

नवीन बेअरिंग दोन तास फ्रीझरमध्ये. केस पुन्हा तापवली, बेअरिंग सरळ धरून सोडलं, बूड टेकल्याचा आवाज आला. पुढच्या बेअरिंगची बंद बाजू बाहेर. थंड झाल्यावर क्रँक घालून फिरवला: गुळगुळीत, कुठेही अडत नाही. अडला असता तर बेअरिंग तिरकं बसलं असं समजून पुन्हा तापवावं लागलं असतं. ठोकून सरळ होत नाही.

जुळणी तेल लावून. स्लीव्हची खाच पिनेवर, शिम जागच्या जागी, हेडचे स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं तीन टप्प्यांत. कार्ब आणि बॅकप्लेटला पुन्हा नवी सीलिंग.

१९ ऑक्टोबर

पाण्यातली चाचणी परत. कुठेही धार नाही. पुढच्या बेअरिंगपाशीही काही नाही.

२१ ऑक्टोबर

आता नीडल. क्रम: आधी हाय, मग लो, शेवटी आयडलचा स्क्रू. इंजिन गरम असल्याशिवाय एकही नाही. मोजमाप घड्याळाच्या तासांत, म्हणजे एक तास म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग.

एअर फिल्टर काढून आयडलचं अंतर (आयडलला कार्बचं तोंड जितकं उघडं राहतं ते) १ मिमीचं ड्रिल बिट आत धरून लावलं. फिल्टरचा फोम धुऊन, फिल्टरचं तेल मुरवून परत. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही, आणि ती धूळ पिस्टन-स्लीव्ह संपवते.

हाय नीडल पावणेचार फेरे. पहिली धाव: दाट धूर, सुस्त, ९५ अंश. प्रत्येक धावेनंतर एक तास आत. पाच तास आत गेल्यावर ओढ स्वच्छ, धूर पातळ पण स्पष्ट, ११४ अंश. इथे थांबलो. आणखी एक तास आत घेतला तर वेग किंचित वाढला, पण तापमान १२४ झालं आणि धूर जवळपास गेला, परत घेतला. नुसत्या तापमानावर ट्यून करू नये. फिल्टरवर चिखल अडवणारी फोमची टोपी घातली, हवेत गारठा आला किंवा हेड मातीनं भरलं तरी आकडा बदलतो. धुराची रेघ हवीच. तापमापक नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब: तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक, पडताच नाचून उडाला तर फार गरम.

लो नीडल: आयडलवर असताना कार्बजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबायची आणि सेकंद मोजायचे. पहिल्यांदा सहा सेकंद चाललं आणि मरण्याआधी आवाज खूप चढला. रिच, म्हणजे इंधन जास्त. एकेक तास आत घेत गेलो, दर वेळी थ्रॉटल दोनदा देऊन साचलेलं इंधन साफ केलं. तीन तासांनंतर: अडीच ते तीन सेकंद, आवाज थोडासाच चढून बंद. दाबताक्षणी मेलं असतं तर लीन. लो आत गेली की आयडल वाढतं, म्हणून आयडलचा स्क्रू सोबत कमी करत जावा लागला. शेवटचं अंतर अंदाजे ०.७ मिमी.

थ्रॉटल सोडला की आयडल एका सेकंदात खाली. दुसरी तक्रार गेली. आजचं इंधन चार टाक्या.

२२ ऑक्टोबर

ब्रेक लावला की बंद पडतं. पुन्हा नीडलकडे हात जात होता. आधी इंजिनाबाहेर पाहिलं.

चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून क्लच बेल (क्लचवरची वाटी, जिच्यातून ताकद चाकांकडे जाते) बोटानं फिरवली. बेल फिरते तसं फ्लायव्हीलही ओढलं जातं. तसं व्हायला नको. बेल काढली तर आतलं एक ५ × ११ × ४ चं बेअरिंग जवळपास जाम. दोन्ही बदलली. बेलला पुढे-मागे किंचित खेळ राहील इतकेच वॉशर घातले. घट्ट आवळलं तर नवं बेअरिंगही आठवड्यात जळतं.

दुसरं, ट्रान्समीटर मध्यावर असताना ब्रेकची डिस्क घासत होती. लिंकेजची कॉलर मागे सरकवली, सर्व्होची टोकं पुन्हा ठरवली, कार्ब आयडलच्या स्क्रूपर्यंत पूर्ण परततं का ते पाहिलं. आता ब्रेक लावून उभी राहिली तरी आयडल चालू.

२६ ऑक्टोबर

गरम सुरुवातीची चाचणी. पंधरा मिनिटं चालवून ११६ अंशांवर बंद केलं, दोन मिनिटं थांबलो, प्रायमर न दाबता दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू. पाच वेळा केलं, एकदा चार ओढी लागल्या. तिसरी तक्रार गेली.

आतापर्यंत: इंधन सुमारे दीड लिटर, प्लग दोन (दुसरा आठ तारखेच्या भरलेल्या इंजिनात गेला), बॅकप्लेट गॅस्केट दोन, हातकाम अंदाजे सतरा तास. त्यातले सहा-सात तास चार तारखेच्या नीडल आणि बारा तारखेच्या तेलामुळे वाया.

२ नोव्हेंबर

सकाळी थंडी. पकड जास्त, दोरी जड. हेड हेअर ड्रायरनं कोमट केल्याशिवाय ओढलं नाही. थंड हवा घट्ट असते, तेवढ्याच कार्बमधून जास्त जाते. हाय नीडल एक तास उघडल्यावर ११२ अंश आणि धूर जागेवर.

थांबताना नळी दाबून इंजिन कोरडं केलं, टाकी रिकामी. प्लगच्या भोकातून आणि कार्बमधून आफ्टर-रन तेलाचे (गाडी ठेवण्याआधी गंज टाळायला घालायच्या तेलाचे) चार-चार थेंब, दहा वेळा फिरवलं, पिस्टन तळाला आणून ठेवला. पकडीत अडकलेला सोडला की स्लीव्ह ताणलेली राहते. फ्लायव्हीलवर पिस्टन तळाला असतानाची खूण पांढऱ्या रंगानं केली आहे. पकड पुन्हा दोन लिटर इंधनानंतर तपासायची.